मंद प्रकाशासाठी विस्तृतकोनी लेन्स

डिसेंबर महिन्याच्या १३ व १४ तारखांच्या सुमारास मिथुन राशीच्या दिशेने दर वर्षी उल्कावर्षाव होतो. चंद्र आकाशात नसेल, हवा निवळ असेल आणि गावाचे दिवे दूर असतील, तर मध्यरात्रीच्या सुमारास एकेका तासात डझनांनी उल्का मोजता येतात. डोळ्यांना इतके सहज दिसणारे हे दृश्य छायाचित्रात उतरविणे मात्र कठीण जाते. उल्का कोठे प्रकट होईल हे आधी ठाऊक नसते. म्हणून आकाशाचा शक्य तितका मोठा भाग चित्रात सामावावा लागतो. ती टिकते सेकंदभर किंवा त्याहूनही कमी. म्हणून थोडा थोडा प्रकाश साठवीत बसण्याची सोय नसते. मोठा कोन आणि पुष्कळ प्रकाश या दोन्ही गरजा एकदम भागविणारे साधन म्हणजे मोठ्या छिद्राची विस्तृतकोनी लेन्स होय. शाळेच्या आकाशनिरीक्षण मंडळाला अशी लेन्स बहुधा एकदाच घेता येते. निवड फसली तर ते डिसेंबरच्या रात्रीच कळते, आणि तशी दुसरी रात्र वर्षानंतर येते.

व्यवहारात लेन्स हा शब्द काचेच्या एका भिंगाला व अनेक भिंगे बसविलेल्या नळीला असा दोन्ही अर्थांनी वापरला जातो. या पुस्तिकेत ‘भिंग’ म्हणजे एकेक काच आणि ‘लेन्स’ म्हणजे कॅमेऱ्याला जोडावयाचा संपूर्ण संच, असा भेद पाळला आहे. जिचे केंद्रांतर बदलता येते ती झूम लेन्स, आणि जिचे केंद्रांतर कायमचे ठरलेले असते ती प्राइम. झूमची सोय सोडून प्राइम का घ्यावी, याचे उत्तर सोपे आहे. प्राइमच्या रचनाकाराला एकाच केंद्रांतराची चिंता वाहावी लागते, आणि त्यामुळे त्याला छिद्र मोठे ठेवता येते. चांगल्या विस्तृतकोनी झूम लेन्स साधारणपणे एफ/२.८ पाशी थांबतात, प्राइम एफ/१.८ किंवा एफ/१.४ पर्यंत जातात.

एफ-अंक आणि खरे छिद्र

केंद्रांतराला लेन्सच्या प्रवेशछिद्राच्या व्यासाने भागले असता जो आकडा येतो त्याला एफ-अंक म्हणतात. आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे, आणि प्रकाश छिद्राच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात आत येत असल्याने एफ/१.४ ची लेन्स एफ/२.८ च्या लेन्सपेक्षा चौपट तेजस्वी प्रतिमा देते. अशा लेन्सला छायाचित्रकार ‘फास्ट’ म्हणतात, कारण तिच्यामुळे शटर तेवढ्या प्रमाणात लवकर मिटता येते. खोलीतील भिंत, माणसाचा चेहरा, आकाशाची पार्श्वभूमी अशा पसरट वस्तूंच्या बाबतीत एवढे गणित पुरते.

ताऱ्यांच्या बाबतीत ते पुरत नाही. तारा हा बिंदू आहे. त्याचा प्रकाश सेन्सरवर पसरत नाही, एका ठिपक्यात गोळा होतो. म्हणून त्याची नोंद एफ-अंकावर अवलंबून न राहता छिद्राच्या प्रत्यक्ष व्यासावर अवलंबून राहते. २४ मिलिमीटर केंद्रांतराच्या एफ/१.४ लेन्सचे प्रवेशछिद्र १७ मिलिमीटर व्यासाचे असते, तर १६ मिलिमीटरच्या एफ/२.८ लेन्सचे ६ मिलिमीटरपेक्षाही थोडे कमी. एफ-अंकांवरून पाहता पहिली लेन्स चौपट भरते. परंतु ताऱ्याचा प्रकाश ती नऊपट गोळा करते. अंधाराला सरावलेल्या तरुण डोळ्याची बाहुली सुमारे ७ मिलिमीटर उघडते, हे येथे ताडून पाहण्याजोगे आहे.

उल्केचे गणित याहून निराळे, आणि थोडे गमतीचे. ती बिंदूसारखी असली तरी सेन्सरवरून धावत जाते, आणि प्रत्येक ठिकाणी क्षणमात्र थांबते. केंद्रांतर जितके मोठे तितकी तिची प्रतिमा वेगाने सरकते व प्रत्येक ठिकाणी कमी काळ रेंगाळते. त्यामुळे तिच्या रेषेचे तेज छिद्राच्या व्यासाच्या वर्गाला केंद्रांतराने भागून जे येईल त्या प्रमाणात असते. शटर कितीही वेळ उघडे ठेवले तरी ते वाढत नाही. या हिशेबाने २४ मिलिमीटर एफ/१.४ लेन्समधील रेषा २० मिलिमीटर एफ/१.८ लेन्समधील रेषेच्या दुप्पट, आणि १४ मिलिमीटर एफ/१.८ लेन्समधील रेषेच्या जवळजवळ तिप्पट तेजस्वी उमटते. उलट ३६ × २४ मिलिमीटरच्या सेन्सरवर १४ मिलिमीटरची लेन्स आकाशाचा जो तुकडा दाखविते तो २४ मिलिमीटरच्या लेन्सच्या तुकड्याच्या दुप्पट असतो. म्हणजे एकीत उल्का अधिक सापडण्याचा संभव, तर दुसरीत सापडलेली उल्का ठळक उमटण्याचा. फिकट उल्का संख्येने नेहमीच अधिक असल्यामुळे निव्वळ कोन वाढवीत गेल्याने लाभ होतोच असे नाही.

कोनाची कल्पना येण्यासाठी काही आकडे ध्यानात ठेवावेत. वर सांगितलेल्या सेन्सरच्या कर्णावर ३५ मिलिमीटर केंद्रांतराची लेन्स ६३ अंशांचा कोन व्यापते, २८ ची ७५, २४ ची ८४, २० ची ९४ आणि १४ ची ११४ अंशांचा. केंद्रांतर ३५ वरून २८ वर येताना वाढतात १२ अंश, आणि २४ वरून २० वर येताना १०; परंतु हातात घेऊन पाहिले असता हा दुसरा फरक अधिक जाणवतो, कारण चित्राच्या कडा तेथे ताणल्या जाऊ लागतात. २४ मिलिमीटरच्या लेन्समध्ये अगदी कोपऱ्यात ठेवलेला चेंडू एका दिशेने सुमारे एक तृतीयांश लांबट उमटतो. यात लेन्सचा दोष नसतो. सरळ रेषा सरळ ठेवून एवढा कोन सपाट पृष्ठावर मांडावयाचा म्हटले की भूमितीच असे करते. वर्गाचे सामूहिक छायाचित्र अशा लेन्सने घेतल्यास टोकाला बसलेल्या मुलांची तक्रार रास्तच ठरते.

पृथ्वी फिरत राहते

तारे स्थिर असल्यासारखे दिसले तरी पृथ्वीच्या परिवलनामुळे ते दर सेकंदाला १५ विकला सरकतात. २४ मिलिमीटरच्या लेन्समागे ही हालचाल सेन्सरवर दर सेकंदास सुमारे १.७५ मायक्रॉन भरते. २४ मेगापिक्सेलच्या पूर्ण चौकटीच्या सेन्सरवरील एक घटक ६ मायक्रॉनचा असतो, म्हणजे साडेतीन सेकंदांच्या आतच तारा एका घटकावरून शेजारच्या घटकावर जातो. फिल्मच्या काळापासून चालत आलेला नियम असा की ५०० ला केंद्रांतराने भागावे आणि तितके सेकंद शटर उघडे ठेवावे. त्या नियमाने २४ मिलिमीटरसाठी २० सेकंद येतात, आणि तेवढ्या वेळात खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा सहा घटकांएवढी रेघ ओढतो. लहान आकारात छापलेल्या चित्रात ती दिसणार नाही, भिंतीवर लावावयाच्या चित्रात ती दिसेल. वेळ निम्मा केला तर प्रकाशही निम्मा होतो. हा तोटा भरून काढण्याचा मार्ग म्हणजे मोठे छिद्र. लडाखमधील हानले येथे सुमारे ४,५०० मीटर उंचीवर वेधशाळा असून त्या परिसराला २०२२ साली अंधार-आकाश राखीव क्षेत्र म्हणून घोषित करण्यात आले. तेथल्या गडद आकाशाखाली उभ्या असलेल्या छायाचित्रकारालाही या गणितातून सुटका नाही.

आरसा गेल्याने काय झाले

मिररलेस म्हणजे ज्यात आरसा नाही असा कॅमेरा. आरसा मुळात होता कशासाठी, हे समजल्यावाचून या लेन्सचे मर्म कळत नाही. एकभिंगी परावर्ती कॅमेऱ्यात लेन्समधून आलेला प्रकाश तिरक्या आरशावरून वर वळवून दर्शकात नेला जाई, आणि चित्र घेण्याच्या क्षणी आरसा उचलला जाई. त्या हालचालीसाठी लेन्स व फिल्म यांच्यामध्ये मोकळी जागा ठेवणे भाग होते. निकॉनच्या १९५९ सालच्या एफ कॅमेऱ्यात लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचे अंतर ४६.५ मिलिमीटर होते. आता २४ मिलिमीटर केंद्रांतराचे साधे भिंग दूरच्या वस्तूची प्रतिमा आपल्यामागे २४ मिलिमीटरवर पाडते. म्हणजे ते नेमके आरशाच्या वाटेत येणार.

या अडचणीतून फ्रान्समधील पिएर आंजेन्यू यांनी १९५० साली वाट काढली. दुर्बिणीतील रचना उलटी करून त्यांनी पुढे मोठे अपसारी भिंग बसविले व मागे अभिसारी भिंगांचा गट ठेवला. त्यामुळे प्रतिमा केंद्रांतरापेक्षा पुष्कळ मागे पडू लागली. ३५ मिलिमीटर एफ/२.५ ची त्यांची ही लेन्स ‘रेट्रोफोकस’ या नावाने विकली गेली, आणि पुढे ते नाव त्या संपूर्ण जातीलाच चिकटले. युक्ती यशस्वी झाली, पण तिची किंमत मोजावी लागली. पुढचे अपसारी भिंग मोठे व जड होते. दोन्ही बाजूंच्या गटांत समतोल नसल्याने विरूपण व इतर विपथने वाढली आणि ती दुरुस्त करण्यासाठी आणखी भिंगे घालावी लागली. त्याच दशकात आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांसाठी लुडविग बेर्टेले यांनी रचलेली झाइस कंपनीची २१ मिलिमीटरची बायोगॉन लेन्स मात्र लहान व सममित होती. तिचे मागील भिंग फिल्मच्या अगदी जवळ जाई.

२००८ साली पहिला मिररलेस कॅमेरा बाजारात आला, २०१३ साली सोनीने पूर्ण चौकटीच्या सेन्सरचे असे कॅमेरे काढले, आणि २०१८ साली निकॉन व कॅनन यांनीही हीच वाट धरली. बैठकीपासून सेन्सरपर्यंतचे अंतर सोनीच्या कॅमेऱ्यांत १८, कॅननच्या नव्या कॅमेऱ्यांत २०, तर निकॉनच्या झेड मालिकेत अवघे १६ मिलिमीटर आहे. रचनाकाराला मोठे भिंग सेन्सरच्या निकट नेण्याची मुभा मिळाली. याचे फळ तराजूत दिसते. कॅननची २००८ सालची २४ मिलिमीटर एफ/१.४ लेन्स ६५० ग्रॅमची, निकॉनची २०१० सालची ६२० ग्रॅमची. तर सोनीने २०१८ साली मिररलेससाठी काढलेली त्याच आकड्यांची लेन्स ४४५ ग्रॅमची आहे. हे सारे श्रेय आरशाच्या जाण्याला देणे योग्य होणार नाही. नळीत प्लास्टिकचा अधिक वापर, हलक्या मोटारी आणि दाबून घडविलेली अगोलीय भिंगे यांचाही त्यात वाटा आहे.

मग सर्वांनी बायोगॉनसारख्या लेन्स पुन्हा का केल्या नाहीत? कारण सेन्सर म्हणजे फिल्म नव्हे. त्याच्यापुढे गाळणीच्या काचेचा थर असतो, आणि त्याचे सूक्ष्म घटक तिरप्या किरणांना नाखूष असतात. जुन्या लेन्समधून कोपऱ्यांकडे फार कलते किरण येतात. ते या काचेतून जाताना वेगळ्याच मार्गाने वळतात व कोपरे पुसटतात. अडॅप्टर लावून जुनी नामांकित विस्तृतकोनी लेन्स मिररलेसवर बसविणाऱ्याची निराशा होते ती बहुधा यामुळे. नव्या लेन्समध्येही म्हणून रेट्रोफोकसचा अंश राहतोच. फक्त त्याची मात्रा सौम्य झाली आहे.

कोपऱ्यातील तारे

लेन्सची खरी परीक्षा मध्यभागी होत नाही. मध्यभागी जवळपास प्रत्येक आधुनिक लेन्स समाधानकारक असते. कोपऱ्यातला तारा मात्र पूर्ण उघड्या छिद्रावर पंख पसरलेल्या पक्ष्यासारखा किंवा लहानशा धूमकेतूसारखा दिसू लागतो. तिरप्या किरणांचे बाहेरील व आतील वलय एकाच बिंदूवर न मिळाल्यामुळे होणाऱ्या या दोषाला कोमा म्हणतात, आणि त्याच्या जोडीला बहुधा अबिंदुकता असते. तिच्यामुळे तारा एका दिशेने ओढल्यासारखा होतो.

छिद्र लहान केल्यावर हे दोष सारख्या वेगाने ओसरत नाहीत. सिद्धांतानुसार छिद्राचा व्यास निम्मा केला, म्हणजे एफ/१.४ वरून एफ/२.८ वर आले, तर गोलीय विपथनाचा डाग एक अष्टमांश उरतो, कोमाचा एक चतुर्थांश, परंतु अबिंदुकतेचा निम्माच. म्हणून मध्यभाग चटकन स्वच्छ होतो आणि कोपरे हट्ट धरून बसतात. येथेच खरेदीदाराने सावध राहावे. एफ/१.४ चे मूल्य मोजून घेतलेली लेन्स जर कोपऱ्यांतील ताऱ्यांसाठी दरवेळी एफ/२.८ वर आणावी लागत असेल, तर तो खर्च व ते ओझे वायाच गेले. अर्ध्या वजनाची एफ/२.८ ची लेन्स तेच काम करती. उलट एफ/१.८ ची जी लेन्स पूर्ण उघडी असतानाच कोपऱ्यांपर्यंत शाबूत राहते ती आकड्याने उणी असली तरी कामाने वरचढ ठरते.

या दोषांवरचा मुख्य उपाय म्हणजे अगोलीय भिंग. लायका कंपनीच्या १९६६ सालच्या ५० मिलिमीटर एफ/१.२ नॉक्टिलक्स लेन्समध्ये अशी भिंगे हाताने घासून बनविली जात, आणि ती अर्थातच अतिशय महाग पडत. निकॉनने १९७७ साली ५८ मिलिमीटरची नॉक्ट लेन्स केली ती रात्रीच्या दिव्यांच्या प्रतिमा ठिपक्यासारख्या उमटाव्यात याच हेतूने. या दोन्ही लेन्स विस्तृतकोनी नव्हत. तापवून मऊ केलेली काच साच्यात दाबून अगोलीय भिंग काढण्याची रीत रुळल्यावरच हा उपाय सामान्य खरेदीदाराच्या आवाक्यात आला.

कोपरे काळवंडणे हा दुसरा दोष. साध्या लेन्समध्ये तिरप्या किरणांचा प्रकाश कोनाच्या कोज्येच्या चौथ्या घाताने घटतो. २४ मिलिमीटरच्या लेन्समध्ये कोपऱ्याचा किरण अक्षाशी ४२ अंश करतो, तेव्हा तेथे मध्याच्या ३० टक्केच प्रकाश उरावा. रेट्रोफोकस रचनेने हे प्रमाण सुधारते, परंतु पूर्ण उघड्या छिद्रावर नळीच्या कडाच किरण अडवितात व पुन्हा तूट येते. कॅमेरा हे कोपरे गणिताने उजळवून देतो. पण न आलेला प्रकाश गणिताने निर्माण होत नाही, त्याबरोबर कण उठून दिसतात. विरूपणाचेही तसेच. कॅननची २०२१ सालची १६ मिलिमीटर एफ/२.८ लेन्स केवळ १६५ ग्रॅमची आहे. तिची मूळ प्रतिमा पिंपासारखी फुगते आणि ती सरळ करण्याचे काम कॅमेऱ्यातील गणितावर सोपविलेले आहे. प्रवासात, इमारतींसाठी हा सौदा वाईट नाही. ताऱ्यांसाठी मात्र कोपऱ्यातील ताणलेली माहिती उणीवच ठरते.

कामाप्रमाणे निवड

आकाश हे मुख्य प्रयोजन असेल तर एका लेन्सची मुभा असलेल्या शाळेने २० मिलिमीटर एफ/१.८ चा विचार प्रथम करावा, असे वरील साऱ्या हिशेबावरून दिसते. ९४ अंशांचा कोन व ११ मिलिमीटरचे छिद्र हा मध्यम मार्ग आहे. सोनीची अशी लेन्स ३७३ ग्रॅम, तर निकॉनच्या झेड मालिकेतील ५०५ ग्रॅम वजनाची असून दोन्ही २०२० सालच्या आहेत. कॅमेरा आधीच घेतलेला असल्यास निवड त्याच्या बैठकीने बांधली जाते, हे सांगावयास नकोच.

सेन्सर लहान असेल, म्हणजे एपीएस-सी जातीचा, तर केंद्रांतराला दीडने गुणून कोन ताडावा. १६ मिलिमीटरची लेन्स तेथे २४ चा कोन देते. एफ/१.४ चा आकडा कायम राहिला तरी तिचे छिद्र साडेअकरा मिलिमीटरच असते, आणि तारे तितकेच टिपले जातात. अशा कॅमेऱ्यावर एफ/१.४ ही चैन न राहता गरज बनते. फुजीची व सिग्माची १६ मिलिमीटरची लेन्स याच आकड्याची आहे.

मंद प्रकाशातील पण स्थिर वस्तूंची गोष्ट निराळी. अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅश वापरण्यास मनाई आहे आणि ती योग्यच आहे. परंतु भिंतीवरील चित्र हलत नाही. ज्या कॅमेऱ्यात सेन्सर स्वतः सरकून हाताचा कंप शमवितो, त्याने एक चतुर्थांश सेकंदापर्यंतचे चित्र सरावाने हातात धरून घेता येते. तेथे एफ/२.८ ची हलकी लेन्स पुरेशी होते. केरळातील कथकळीचा नट तेलाच्या दिव्यापुढे नाचत असतो तेव्हा मात्र कंपशामक यंत्रणा निरुपयोगी ठरते, कारण हलतो तो नट. तेथे शटर झपाट्याने मिटले पाहिजे, आणि एफ/१.४ चा एकेक अंश कामी येतो. २४ मिलिमीटरच्या लेन्समध्ये एफ/१.४ वर सुमारे १४ मीटरवर नेम साधला की अर्ध्या अंतरापासून क्षितिजापर्यंत सारे स्वीकारार्ह स्पष्ट राहते. एफ/८ वर हेच अंतर अडीच मीटरांच्या आत येते.

पुष्कळ नव्या लेन्समध्ये नाभीयनाचे कडे भिंगांना प्रत्यक्ष जोडलेले नसते. ते फक्त मोटारीला इशारा देते. कॅमेरा बंद करून पुन्हा सुरू केल्यावर अंधारात साधलेला नेम हरवलेला आढळू शकतो. दर्शकातील प्रतिमा मोठी करून तेजस्वी ताऱ्यावर नेम पुन्हा तपासण्याची सवय यासाठी लावून घ्यावी. डिसेंबरच्या रात्री पुढच्या भिंगावर दव जमते, आणि ते हळूहळू जमत असल्याने तासभर लक्षातही येत नाही. किनारपट्टीवर पावसाळ्यात भिंगांच्या मधल्या पोकळीत बुरशी धरते. एकदा तिने लेप खाल्ला की तो परत येत नाही. सिलिका जेल घातलेला घट्ट झाकणाचा डबा हा त्यावर स्वस्त उपाय आहे.

दुकानातून आणल्यावर पहिल्याच आठवड्यात एक तपासणी अवश्य करावी. लेन्स पूर्ण उघडी ठेवून ट्रायपॉडवरून ताऱ्यांचे पाच सेकंदांचे चित्र घ्यावे. आकाश ढगाळ असल्यास दूरच्या वस्तीचे दिवे क्रमाक्रमाने चारही कोपऱ्यांत आणून चार चित्रे घ्यावीत. चारही कोपरे सारखेच थोडे मऊ असतील तर तो त्या रचनेचा स्वभाव होय. तीन कोपरे ठीक आणि एकच बिघडलेला असेल तर आतील एखादे भिंग अक्षावरून ढळले आहे असे समजावे, ती लेन्स मुदतीच्या आत परत करावी आणि त्याच जातीची दुसरी मागून घ्यावी.